कमी पडलेल्या चार सकाळी

आमच्या युवक मंडळातली मुलं वेळेवर फक्त सहलीच्या दिवशी येतात. रविवारी चारला नाटकाची तालीम ठेवली तर पहिला साडेचारला उगवणार, तोही जांभया देत. म्हणून मशीनवाल्या काकांसाठी रोज सकाळी साडेसहाला माणसं जमवायचा विषय निघाला, तेव्हा मी स्पष्टच सांगितलं, "तुम्हाला झेपणार नाही. उगाच त्या माणसाला तोंडघशी पाडू नका."

काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. माझ्या लहानपणी हे मंडळ तेच चालवायचे. तंबू ठोकायला, पक्क्या गाठी मारायला, आजारी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बल्ब बदलायला आणि वर त्यांच्या त्याच त्या गोष्टी मन लावून ऐकायला त्यांनीच आम्हाला शिकवलं. आता मंडळ मी चालवते, आणि दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते.

काकांची आई गेली होती. आई गेली की आम्हा ज्यू लोकांत मुलानं अकरा महिने रोज तिच्यासाठी कद्दिश म्हणायची असते. ही प्रार्थना एकट्यानं होत नाही. तेरा वर्षं पूर्ण झालेले दहा पुरुष हजर लागतात. नऊच जमले तर पुस्तक मिटून घरी जायचं. शनिवारी आमचं प्रार्थनाघर भरलेलं असतं, पण एरवी सकाळी मास्तर, बेकरीवाला, काका आणि तीन पेन्शनर, एवढीच मंडळी. म्हणजे रोज चार कमी.

काकांना एकही दिवस चुकवायचा नव्हता, आणि त्याचं कारण मला माहीत होतं. बहिणीच्या लग्नावरून त्यांचं आईशी वाजलं होतं आणि नऊ वर्षं ते तिच्या घराची पायरी चढले नव्हते. ती त्यांची वाट बघते हे शेजारपाजारचे सांगायचे, तरी हा माणूस ढिम्म. शेवटच्या आठवड्यात गेले. तिनं कसलाही हिशेब काढला नाही. एवढंच विचारलं, "नंतर तरी रोज येशील ना?" काका हो म्हणाले. हे त्यांनी मला दफनविधीहून परत येताना सांगितलं.

तर मुलांनी माझं ऐकलं नाही. त्यांनी पाळ्यांचा तक्ता केला. मुलगे येणार, आणि मुली त्यांना पावणेसहाला फोन करून उठवणार. एकीनं तर आपल्या भावाच्या तोंडावर ओला टॉवेल टाकला. दहा जमवता जमवता माझ्या नाकी नऊ यायचे, पण जमायचे. आमच्यात माणसांना सरळ आकडे लावून मोजत नाहीत, नजर लागते म्हणतात. म्हणून मी दारात उभी राहून मोजायचे, "एक नाही, दोन नाही, तीन नाही." 'दहा नाही' म्हटलं की काका उठून उभे राहायचे.

सव्वासहाला कुलूप मी उघडायचे, दिवे मी लावायचे, आणि मोजणीत मात्र मी नाही. आमच्या प्रार्थनाघरात दहांमध्ये बायका धरत नाहीत. मला याचा राग येतो आणि तो मी लपवतही नाही. पण काकांसाठी मी तो रोज सकाळी गिळला.

सातव्या महिन्यात शाळांच्या परीक्षा आल्या आणि तक्ता ढासळला. आईबाप म्हणायला लागले, आठवडाभर तरी पोरांना झोपू द्या. त्याच आठवड्यात आमच्या 'आजोबा'ला तेरा पूर्ण होत होती. हा मुलगा नवीन राहायला आलेला, आणि हात मागे बांधून "हल्लीची मुलं फार बेजबाबदार झालीत" असं बोलायचा, म्हणून आजोबा. वाढदिवसाच्या सकाळी तो सहाच्या आधीच पायरीवर बसलेला होता, भांग बिंग पाडून. 'दहा नाही' त्याच्यावर आलं तेव्हा त्याची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण जातंय की काय असं वाटलं. तो आठवडा त्यानं एकही खाडा केला नाही. माझ्या जिवात जीव आला.

अकरा महिने पुरे व्हायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा आजोबाची आई शिबिराचा फॉर्म भरायला माझ्या दुकानात आली. सोबत त्याच्या नामकरणाचा जुना कागद होता. त्यावर आमच्या पंचांगातली जन्मतारीख होती. मी सहज पंचांग काढून ती या वर्षाशी लावून बघितली, मग पुन्हा एकदा लावून बघितली.

आमचे महिने चंद्रावर चालतात, आणि काही वर्षांत एक महिना जास्तीचा येतो. त्यामुळे वाढदिवस मागेपुढे सरकतो. तेरा धरायची ती आमच्या पंचांगानं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरली होती. खरी तारीख सात दिवसांनंतरची होती. मी तक्ता काढला. त्या सात दिवसांतल्या तीन दिवशी माणसं जास्त होती. चार सकाळी बरोबर दहा होते, आजोबा धरून. म्हणजे नऊच होते. डोळे तपासण्यात माझा जन्म गेला, आणि एक तारीख मला नीट बघता आली नाही.

बरं, चार दिवस पुढे वाढवावेत, तर तेही जमणारं नव्हतं. ज्यांची पापं मोठी असतात त्यांनाच मेल्यावर शुद्ध व्हायला पूर्ण बारा महिने लागतात असं आम्ही मानतो, म्हणून मुलगा अकरावर थांबतो. त्यापुढे कद्दिश म्हणणं म्हणजे माझी आई वाईट होती असं चारचौघांत सांगणं. ज्या बाईनं नऊ वर्षांत तक्रारीचा एक शब्द काढला नाही, तिच्याबद्दल.

गप्प बसावं असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस बसलेही. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं आणि काकांच्या गाळ्यात गेले. ते एका काळ्या मशीनचं चाक सोडवत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तारीख, तक्ता, चार सकाळी.

हातातला स्क्रू त्यांनी डबीत टाकला, मग पुन्हा काढला.

"पोराला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. झोप मोडून आलाय तो माझ्यासाठी."

"चूक माझी आहे काका. मी बघायला हवं होतं."

"हो, तुझीच आहे," ते म्हणाले. त्यांनी मला उगाच धीर दिला नाही, ते एका परीनं बरंच झालं. मग चाकावर हात ठेवून म्हणाले, "रोज येईन म्हणालो होतो. म्हणजे आणखी चार दिवस तिनं वाट बघितली आणि मी गेलो नाही." त्यांचा आवाज फाटला. मी स्टुलावर बसले आणि रडले. त्यांनी मशीन पुसायचं फडकं पुढे केलं, त्याला तेलाचा वास होता, तरी मी त्यालाच डोळे पुसले.

शेवटच्या दिवशी सतरा जण आले. मुली ओळीनं मागे उभ्या राहिल्या. काकांनी कद्दिश म्हटली, आवाज कुठेही अडखळला नाही. मुलांनी त्यांना तो तक्ता भेट दिला, सगळ्यांच्या सह्या करून. माझ्यानं त्या कागदाकडे बघवेना.

नंतरच्या सकाळी सवयीनं साडेपाचलाच जाग आली. उगाच चक्कर मारली, तर काका बंद दारापाशी उभे.

"काका, काल संपलं ना?"

"संपलं. चार दिवस नुसता बसेन म्हणतो. उघड."

मी कुलूप काढलं. ते आपल्या जागेवर बसले, स्तोत्रांचं पुस्तक उघडलं आणि मनातल्या मनात वाचत राहिले. मास्तर आणि बाकीची मंडळी साडेसहाला आली तेव्हा ते उठून कामावर निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दारात आजोबा. "झोपच लागत नाही हो ताई आता, वय झालं," म्हणाला, आणि काकांच्या शेजारी जाऊन बसला. आपण इथे का आहोत हे त्यानं विचारलं नाही.

चौथ्या दिवशी, बाकीचे यायच्या आत, आम्ही तिघंच होतो. मी दिवे लावले. आजोबानं मान वळवून विचारलं, "ताई, मोजत नाही का आज?"

मोजण्यासारखं काय होतं तिथे. तरी त्याचं मन मोडू नये म्हणून दारात उभी राहिले. काकांकडे बघून म्हटलं, "एक नाही." आजोबाकडे बघून म्हटलं, "दोन नाही." आणि थांबले.

"पुढे?" काका म्हणाले.

"झाले की. दोघंच आहात."

"आणि तू?"

"बायका धरत नाहीत. तुम्हीच शिकवलंत."

"दहा लागतात तेव्हा धरत नाहीत," काका म्हणाले. "आज दहा कुठे लागतायत? आज मी नुसता आईकडे आलोय. माझ्याबरोबर कोण कोण आलं, ते तिला कळायला नको का?"

अकरा महिने गिळलेला राग मला आठवला. आजोबा हात मागे बांधून वाट बघत उभा होता, आणि काकाही माझ्याकडेच बघत होते.

"तीन नाही," मी म्हटलं.

काका उठून उभे राहिले, रोज राहायचे तसेच. कद्दिश न म्हणता नुसते उभे होते. मग त्यांनी पुस्तक मिटलं, आणि शाळेला उशीर होतोय म्हणून आजोबाला घरी पिटाळलं.