हललेला स्वर

अरावमुदन आणि सौरीराजन एकाच ओट्यावर बसून वेद शिकले. शिकवणारे अरावमुदनचे वडील, तिरुवेंगडाचार्य. सौरीला त्याच्या आईने लहानपणीच कावेरीपलीकडच्या खेड्यातून आणून त्यांच्या पायांवर घातलं होतं. "बाप नाही ह्याला, स्वामी. वेद तेवढा पोटात घाला, अन्नाचं तो बघेल," एवढं बोलून ती परत गेली. तेव्हापासून दोघं मांडीला मांडी लावून बसले, एकाच भांड्यातला दहीभात खाल्ला आणि संहितेच्या सरळ पाठापासून शब्द उलटसुलट गुंफायच्या अवघड घनपाठापर्यंत बरोबर पोचले. लग्नात, देवळात, कुठेही जोडीने घन म्हणायचा झाला की अग्रहारातले, देवळालगतच्या ब्राह्मणवस्तीतले लोक ह्या दोघांनाच बोलावत. डोळे मिटून ऐकलं तर कोणता आवाज कोणाचा ते सांगता येत नाही, असं लोक म्हणत.

त्या वर्षी मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, देवळात वेदसभा भरली. जवळच्या गावातल्या पाठशाळेला नवा अध्यापक हवा होता आणि तो ह्या जोडीतूनच निवडायचा, असं सभेच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं. पाठीच्या दुखण्याने तिरुवेंगडाचार्यांना देवळात जाता येत नव्हतं. पण गोपुरावर कर्णा बांधला होता आणि ओट्यावरच्या खाटेवर पडून त्यांना सगळं ऐकू येत होतं.

घन सुरू झाला. शब्द पुढे जायचे, मागे वळायचे, पुन्हा पुढे. अरावमुदनला त्या दिवशी चेव चढला होता. समोर लोक माना डोलवत होते. एका श्वासात आणखी थोडं घ्यावं म्हणून त्याने वेग वाढवला आणि एका शब्दावर, जिथे आवाज खाली बसायला हवा होता, तिथे तो वर गेला. सौरीचा आवाज जागच्या जागी खाली बसला. क्षणभर दोन आवाज दोन वाटांनी गेले आणि सगळ्या सभेला ते ऐकू आलं.

सभेचे वडील नल्लान चक्रवर्ती यांनी हात वर केला. दोघं थांबले.

"स्वर हलला. कोणाचा?" त्यांनी विचारलं. वयामुळे ते आता एका कानाने कमी ऐकत.

अरावमुदनने तोंड उघडलं. 'माझा' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर ओळीने बसलेले चेहरे दिसले. तो मांडीवरच्या आपल्या बोटांकडे बघत राहिला.

"माझा, स्वामी," सौरी म्हणाला. "क्षमा असावी."

अनुवाक, म्हणजे वेदाचा तो सबंध भाग, पहिल्यापासून म्हणावा लागला. ह्या वेळी कुठेच काही चुकलं नाही. शेवटी अरावमुदनच्या खांद्यावर शाल आली आणि पाठशाळेसाठी त्याचंच नाव पुकारलं गेलं. बाहेर पडताना कुणीतरी सौरीला चिडवलं, "काय रे, चिंचेचा पुळियोदरै भात जास्त झाला का सकाळी?" सौरी हसला. अरावमुदनही हसला. त्या हसण्याची त्याला त्याच क्षणी शिसारी आली.

दोघं आचार्यांना नमस्कार करायला घरी आले. म्हातारा खाटेवर उठून बसला होता. सौरीने साष्टांग घातला.

"सौरी," आचार्य म्हणाले, "स्वराकडे लक्ष ठेवायला हवं होतंस बाबा."

"हो, स्वामी."

अरावमुदनने बापाकडे पाहिलं. ते त्याच्याकडे बघत नव्हते. दाराच्या चौकटीकडे बघत ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. ह्या माणसाने त्या दोघांना स्वर दिला होता. झोपेत कोण कुशीवर वळलं हेसुद्धा नुसत्या श्वासावरून ते ओळखायचे. त्यांना कळलं नसेल? आपल्या गप्प बसण्याने आपण बापालाही खोटं बोलायला लावलं, तेही वेद शिकवला त्याच ओट्यावर.

सौरी कॉफी न घेताच निघाला. अरावमुदन त्याच्यामागे नदीच्या पायऱ्यांपर्यंत धावला.

"सौरी, थांब. तू का बोललास?"

"तू बोलत नव्हतास म्हणून."

"मी बोलणार होतो रे."

"कधी? सभेने तीन वेळा श्वास घेतला, अण्णा. मी तुझ्या तोंडाकडेच बघत होतो." सौरीचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या अम्माच्या हातचं खाऊन वाढलोय मी. आचार्यांच्या मुलाकडे मी भर सभेत बोट दाखवायचं? तसंच हवं होतं तुला?"

"मी उद्या सांगतो सगळ्यांना."

"सांग, नाहीतर नको सांगूस. मला त्यात ओढू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे देवाची स्वारी निघाली. पुढे तमिळ स्तोत्रं म्हणणारे, मध्ये पालखी, मागे वेद म्हणणारे. अरावमुदनला सगळ्यांनी पहिल्या रांगेत ढकललं. पुढून स्तोत्रांचा गजर येत होता, उंबऱ्यांवर बायका हात जोडून उभ्या होत्या. मागच्यांनी वेद सुरू केला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. नुसते ओठ हलवत तो देवळाभोवतीचे चारही रस्ते चालला.

स्वारी देवळात परतल्यावर तीर्थ घ्यायला सगळे जमले. तिथेच त्याने शाल काढली आणि चक्रवर्तींच्या पायांपाशी ठेवली.

"काल स्वर माझा हलला होता, स्वामी. सौरीचा नाही."

तीर्थासाठी पुढे झालेले लोक त्याच्याकडे वळले.

"मग काल मी विचारलं तेव्हा?" चक्रवर्तींनी विचारलं.

"भीती वाटली."

"कशाची?"

अरावमुदनने खाली ठेवलेल्या शालीकडे पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "शाल गरम असते ना, सोडवत नाही." दोघं-तिघं हसले.

चक्रवर्ती हसले नाहीत. "चूक होते रे. मीही कितीदा चुकलोय. पण वेदापुढे बसून दुसऱ्याला चुकलेला ठरवलंस." मग ते सौरीकडे वळले. "आणि तू! खोटं बोललास तेही वेदापुढेच. गुरूच्या घरासाठी बोललास म्हणून काय ते खरं झालं?"

सौरीने मान खाली घातली. आपल्या कबुलीने त्याचीही अब्रू गेली, हे अरावमुदनला तेव्हा कळलं.

सभेने सौरीला पुन्हा बसवलं, या वेळी दुसऱ्या जोडीदाराबरोबर. तो अडखळला नाही. पाठशाळा त्याला मिळाली. निघायच्या दिवशी तो आचार्यांकडे आला, अरावमुदनशी मात्र बोलला नाही. आचार्यांनी आशीर्वादासाठी हात उचलला, पण तो डोक्यावर टेकवला नाही.

"तो आवाज मी ओळखला होता, सौरी," ते म्हणाले. "पोटच्या पोराचा होता म्हणून तुझ्यावर ढकलला. ह्या हाताने आशीर्वाद कसा देऊ?"

सौरीने तो हात धरला आणि स्वतःच आपल्या डोक्यावर ठेवला. म्हातारा हमसून रडायला लागला. अरावमुदन आत चुलीपाशी आईजवळ उभा होता. त्याला बाहेर जाता आलं नाही.

पुढे सौरी सणासुदीला यायचा. अरावमुदनला नमस्कार करायचा, कसं चाललंय विचारायचा, पण जोडीला बसायचं मात्र काही ना काही कारण काढून टाळायचा. स्वारीत अरावमुदन आपण होऊन शेवटच्या रांगेत उभा राहू लागला. तिथून पुढे ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणावं अशी त्याचीही अपेक्षा नव्हती.