पडद्याची पाठ

"विचार ना माय, पडदा मागून पाहू देतीन का?" देवाजीनं फोनवर बोलणाऱ्या नातीला, अपेक्षाला, तिसऱ्यांदा कोपरानं ढोसलं.

"आबाजी, थांबा ना जरा! पहिले गर्दीचं विचारू द्या."

दिल्लीच्या त्या मोठ्या कलासंग्रहालयात रविवारी पाय ठेवायला जागा नसते, मंगळवारी सकाळी या, जरा कमी असते, असं पलीकडची बाई फोनवर सांगत होती. अपेक्षा लिहून घेत होती. देवाजीला गर्दीचं काय! गावी अड्याळला मंडईच्या, दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री नाटकाला सारा मुलूख लोटायचा आणि त्या गर्दीपुढे त्यानं पडद्यावर रंगवलेला राजवाडा उभा राहायचा. तोच पडदा आता दिल्लीत टांगला होता. गावानं त्याला हार घातले. पण त्याला राजवाडा बघायचाच नव्हता.

त्या कापडावर आधी बाग होती, आणि बागेत झुल्यावर त्याची सात वर्षांची मोना. पोरीचा फोटो कधी काढलाच नव्हता. ती तापानं गेली त्याच वर्षी नाटक कंपनीला राजवाडा हवा झाला, नवं कापड कुणी देईना, आणि या बापानं स्वतःच्या हातानं लेकीवर पांढरा रंग फासला. त्याची बायको आनंदाबाई त्यावर चाळीस वर्षं एक शब्द बोलली नाही, की पुन्हा नाटकाला गेली नाही. पण पहिला रंग कापडात मुरतो. मागून पाहिलं की मोना फिकट का होईना, दिसायची. महिन्यापूर्वी त्यानं बायकोला हे सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "कदी जायचं?"

अपेक्षाचा आवाज उतरला. "आबाजी, मागून अस्तर चिकटवलं म्हणते. कापड फाटून राहिलं होतं म्हणून. आता मागचं काहीच दिसत नाही."

देवाजी तिच्याकडे वाकला. "हळू बोल. आजीले नको सांगू."

"आयकलं मी." आनंदाबाई दारात उभी होती. प्रवासासाठी ती चिवड्याचे पोहे भाजत होती. हातात झारा तसाच होता.

"मंग राहू दे," तो मान खाली घालून म्हणाला. "आता कायले जायचं?"

"कायले म्हंजे?" उभ्या जन्मात ती पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. "तुमी पडद्यामागं जाऊन पाहात होते तिले. ती गेल्यावर मी एकदाई नाई पाहिली."

ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"झुला कोन्त्या बाजूले होता?"

"डाव्या. राजवाड्याच्या मोठ्या खांबाखाली."

"मंग मी त्या खांबापुढंच उभी राहीन," आनंदाबाई म्हणाली. "लोक पुढं ढकलतीन तोवर."