बाईंचा दम

मी श्वास पुरवणारं एक यंत्र बोलतोय. वजन जेमतेम सव्वादोन किलो, रंग करडा, खांद्यावर अडकवायला पट्टा. दिसायला मी कॅमेऱ्याच्या पिशवीसारखा आहे. लोकांनी मला तेच समजावं, अशी माझ्या बाईंची फार दिवस इच्छा होती.

माझं काम सोपं आहे. आजूबाजूची हवा आत ओढायची, तिच्यातला प्राणवायू निवडायचा आणि नळीवाटे माणसाच्या नाकात सोडायचा. माणसानं श्वास आत घेतला, की मी 'फुस्' करतो. तो थांबला, की मीही थांबतो.

माझे पहिले मालक एक म्हातारे शिंपी होते. त्यांनी मोठ्या हौसेनं मला मऊ कापडाचं आवरण शिवलं आणि त्यात घालून कपाटात ठेवून दिलं. चांगली वस्तू रोज वापरली तर खराब होते म्हणे! स्वतः मात्र खिडकीशी बसून धापा टाकत. आठ महिने मी चादरींखाली पडून होतो. शेवटी त्यांच्या सुनेनं मला दुकानात परत दिलं आणि तिथून मी बाईंकडे आलो.

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवला. "दम लागला? छान. अजून एक फेरी!" हे वाक्य त्यांनी किती पोरांना ऐकवलं असेल, कोण जाणे. आणि त्यांनाच एके दिवशी दवाखान्याचा अर्धा जिना चढून मटकन खाली बसावं लागलं.

"फुफ्फुसं ताठर होत चालली आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मला वाटलं, फक्त मानच ताठ आहे," शेजारी बसलेले बाईंचे यजमान पुटपुटले. डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत.

हे यजमान म्हणजे वाचनालयातून निवृत्त झालेले, हळू बोलणारे, याद्या करणारे गृहस्थ. बाई त्यांना 'अहो' म्हणतात, म्हणून मीही त्यांना अहोच म्हणतो. माझं नाव बाईंनी 'कटकट्या' ठेवलं. कोणी घरी आलं, की माझी रवानगी आतल्या खोलीत. पाहुण्यांसमोर बाई बिननळीच्या, तोंड मिटून ताठ बसायच्या आणि पाहुणा जिना उतरतो न उतरतो, तोच "अहो, आणा त्या कटकट्याला!" बाहेर जाणं तर त्यांनी बंदच केलं. दुसऱ्या गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगायच्या, "जरा खोकला आहे गं." तो 'जरा खोकला' दोन वर्षं चालला.

मग एका सकाळी धाकटीचा फोन आला. ती परदेशी लेकीकडे निघाली होती, कायमची. त्यात पाय मोडून प्लास्टरमध्ये. "मला काही तिकडे येता येत नाही ताई. जाण्याआधी एकदा तोंड तरी दाखव."

"गुडघा दुखतोय गं."

"परवा खोकला म्हणालीस. एक काय ते ठरव."

फोन ठेवून बाई खुर्चीच्या पाठीचा आधार घेत उठल्या. मग म्हणाल्या, "अहो, यादी करा."

अहोंना तेवढंच हवं होतं. सत्तावीस गोष्टींची यादी झाली. पहिली, तीन भरलेल्या बॅटऱ्या. दुसरी, डॉक्टरांचं पत्र. सत्ताविसावी गोष्ट अहोंनी लिहिली 'धीर'. बाईंनी ती खोडली. "उगाच वजन वाढवू नका."

प्रवास सहा तासांचा. गाडीत आमच्या जागेजवळचा प्लग सुरुवातीपासूनच मेलेला होता, पण अहो म्हणाले, "असू दे, तीन आहेत की." माझी एक बॅटरी साधारण चार तास चालते. बाईंनी नळीवरून शाल ओढून घेतली. तरी समोरच्या काकूंनी विचारलंच, "नाकाला काय लावलंय हो?"

"गाणी ऐकतेय."

"नाकानं?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. अहोंना एकदम पुस्तकात फार रस वाटायला लागला.

पाच तासांनी गाडी माळरानावर थांबली. पुढे रुळावर काहीतरी बिघाड झाला होता. पंखे थांबले, दिवे गेले. घरातून निघून सहा तास झाले होते, म्हणजे दुसऱ्या बॅटरीत दोन तास उरले होते. तिसरी हाताशी असावी म्हणून अहोंनी पिशवीत हात घातला. मग दुसऱ्या पिशवीत. मग पुन्हा पहिल्या.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"ती... स्वयंपाकघरात राहिली. तिच्या वेगळ्या चार्जरवर. म्हटलं, निघेपर्यंत काठोकाठ भरू दे." त्यांनी यादी पुढे केली. बॅटऱ्यांसमोर ठसठशीत बरोबरची खूण होती. "खूणसुद्धा केली मी," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा इतका पडला, की मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली.

आता बाई कडाडणार, अशी माझी खात्री होती. पण डॉक्टरांनी बजावलेलं बाईंच्या लक्षात होतं. असं काही झालं तर हलायचं नाही, बोलायचं नाही, बोलण्यात श्वास फार खर्च होतो. त्यांनी ओठ मिटले आणि अहोंकडे बघून हातानं खूण केली. उठा. विचारा कोणाला तरी.

चाळीस वर्षांच्या संसारात बाहेरचं सगळं बोलणं बाईंनी केलेलं. अहो उभे राहिले. "ऐकता का जरा," ते म्हणाले. कोणी ऐकलं नाही. डब्यात आधीच गाडीच्या नावानं शंख चालला होता. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तेच. आणि मग वाचनालयात आयुष्यभर लोकांना 'हळू बोला' सांगितलेला हा माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडला, की मीच दचकलो.

"माझ्या बायकोला श्वास घ्यायला वीज पाहिजे!"

डबा चिडीचूप. सगळ्या माना बाईंकडे वळल्या. दोन वर्षं जे झाकलं, ते साठ-सत्तर माणसांनी एका दमात पाहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

तिकीट तपासनीस धावत आला. स्वयंपाकाच्या डब्याला स्वतःचं जनित्र आहे, तिथे वीज मिळेल, पण तो डबा चार डबे पुढे. "जमेल चालायला?" त्यानं विचारलं. उत्तर द्यायच्या आत काकूंनी बाईंची पिशवी काखोटीला मारली होती. "चला. वाटेत गाणी ऐकू," त्या म्हणाल्या.

बाईंची चाल मला ठाऊक होती. घरात दहा पावलं, मग विसावा. पहिला डबा पार पडला. दुसऱ्यात बोटाला लावलेल्या, रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्यानं चौऱ्याऐंशी दाखवलं. एरवी आकडा ब्याण्णवच्या खाली गेला, की अहो घाबरतात. मी फुस्-फुस् करून माझ्याकडून होतं तेवढं देत होतो. तिसऱ्या डब्याच्या दारात बाई कोणाच्या तरी ट्रंकेवर बसल्या.

"मला नाही जमत," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

अजून थोडंच राहिलंय, असं काही अहो म्हणाले नाहीत. ते शेजारी फरशीवर बसले. "मग बस. गाडी तरी कुठे पळतेय?"

दोघं बसून राहिली. आकडा पंचाऐंशी, सत्त्याऐंशी, एकोणनव्वदपर्यंत चढला. बाईंनी अहोंच्या खांद्यावर हात टेकला आणि उठल्या.

स्वयंपाकाच्या डब्यात मुख्य आचाऱ्यानं बटाट्याच्या पोत्यावर घडी घातलेलं फडकं अंथरलं, माझी पिन भिंतीत खोचली आणि बाईंना बजावलं, "इथून हलायचं नाही. इथे माझा हुकूम चालतो." बाईंनी निमूटपणे मान डोलावली. गाडी तीन तास जागची हलली नाही. पहिला तास बाईंनी नुसता श्वास घेतला. दुसऱ्या तासात चहा प्यायल्या. तिसऱ्या तासात म्हणाल्या, "पातेलं उचलताना कमरेतून वाकू नका. गुडघ्यातून. पुन्हा करा." गाडी हलली, तेव्हा डब्यातले चारही आचारी रांगेत उठाबशा काढत होते.

फलाटावर धाकटी चाकाच्या खुर्चीत बसली होती. शाल मागच्या डब्यातच राहिली होती. नळी, मी, सगळं उघड्यावर.

"हे काय, ताई?"

बाईंनी सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, श्वास तेवढाच होता. धाकटी माझं फुस् ऐकत राहिली. "म्हणजे फोनवर मागे यायचा तो आवाज याचा?"

"याचाच. कटकट्या."

"अगं, मला वाटायचं, भावजी तुझ्या शेजारी बसून उसासे टाकतात! दोन वर्षं मला त्यांची दया येतेय!"

ती खो-खो हसली. हसता हसता रडायला लागली. "एवढंसुद्धा सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"तू धावत आली असतीस."

"मग काय बिघडलं असतं?"

बाईंनी वाकून धाकटीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. माझी नळी मध्ये अडकली, पण मी तक्रार केली नाही. पाच दिवस दोघी एकाच खोलीत झोपल्या आणि सहाव्या दिवशी धाकटी गेली.

त्याला आता तीन वर्षं झाली. त्यानंतर आम्ही पुष्कळ हिंडलो, बिनशालीचे. बाईंना किती प्राणवायू द्यायचा, तो माझ्यावरचा आकडा मात्र दोनावरून चारावर आलाय आणि माझ्या पोटातली प्राणवायू निवडणारी खडी थकलीय. पिवळा दिवा सारखा लागतो. काल नवं यंत्र घरात आलं. माझ्यापेक्षा हलकं, आवाजही कमी. मला अहोंनी पुसून टेबलावर ठेवलंय.

वाचकहो, वाटेत कोणी नाकाला नळी लावलेलं दिसलं, तर टक लावून बघू नका आणि नजरही चोरू नका. कुठे निघालात, एवढं विचारा.

आणि नव्या गड्या, तुला एकच सांगतो. बाई रागावतात, त्याच्या अगदी आधी एक छोटासा श्वास घेतात. तो पटकन कळत नाही, मलासुद्धा वर्ष लागलं. तेवढा चुकवू नकोस. त्या रागावण्याची अहो वाट बघत असतात.