रिकामी सुटणारी गाडी

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या खानदेशी गल्लीत कानबाई देवी कुणाच्या डोक्यावरून निघणार यावर कधी वाद झाला नाही. सासू थकल्यापासून तो मान शोभाबाईचा. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी नारळाला डोळे, नथ, दागिने घालून कानबाई बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी तिला पाटासकट डोक्यावर घेऊन निघायचं. पुढे बँड, मागे अख्खी गल्ली. एरवी शोभाबाई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची, तिला कोण विचारतं! पण त्या सोमवारी मोठ्या रस्त्यावरचा पोलीस तिच्यासाठी रिक्षा अडवून धरायचा. माणसाला वर्षातून एवढं तरी हवंच की.

यंदा नेमक्या त्याच रस्त्यावर रूळ टाकायचं घाटत होतं. मेट्रोसारखी खांबावर चढून बसणारी गाडी नव्हे, रस्त्यावरूनच धावणारी दोन डब्यांची ट्राम. लिंबायतहून निघून उधना दरवाजावरून थेट विद्यापीठापर्यंत. लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सभा ठरली होती.

बातमी कळताच गल्लीतले वडीलधारे लोटूआबा शोभाबाईच्या ओट्यावर येऊन टेकले. रूळ आले की मिरवणूक मागच्या बोळात ढकलतील, हे त्यांनी मनोमन ठरवूनच टाकलं होतं.

"शोभा, सभामा तू बोल," आबा म्हणाले. "आम्ही बोलसूत ते साहेबलोक कानामांगे टाकतीन. कानबाईनं नाव काढं का कोनी नही म्हनाव नही."

शोभाबाईनं होकार दिला. देवीच्या नावानं दिलेला शब्द, आता मागे फिरायची सोय नव्हती.

पंचाईत घरातच होती. तिची मुलगी मनीषा विद्यापीठात एम. एस्सी. करत होती आणि त्याच सभेत ती ट्रामच्या बाजूनं बोलणार होती. आबांसमोरच ती म्हणाली, "आबा, ती गाडी टायमावर सुटस. भरनी नही तरी सुटस."

"रिकामी गाडी सोडनारा धंदा बुडस, पोरी!" आबा खो खो हसले. बाकीचेही हसले. सुरतेत राहून ज्याला नफातोटा कळत नाही, त्याला इथे वेड्यातच काढतात.

मायलेकी मात्र भांडल्या नाहीत. जेवणं झाली, भांडी घासली गेली. शोभाबाईनं फळीवरून कानबाईच्या सामानाचा डबा काढला आणि तिचं डोकं फिरलं. देवीच्या साडीला लावायच्या लांब सोनेरी पिना तिनं गेल्या वर्षी कापड बाजारातून मुद्दाम आणल्या होत्या. पुठ्ठ्यावर आता निम्म्याही नव्हत्या. तिचा संशय शेजारच्या सरलाबाईवर गेला. जी बाई नेलेली चाळण परत करत नाही, तिचा काय भरवसा?

मनीषा अंथरूण घालता घालता एवढंच म्हणाली, "माय, एक दिन मनासंगे चाल. मंग तुले जे बोलनं शे ते बोल."

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. नाक्यावर शटल रिक्षावाले "उधना दरवाजा, उधना दरवाजा" ओरडत होते. पहिली रिक्षा मनीषानं सोडली, दुसरीही सोडली.

"जागा व्हती ना एक?" शोभाबाई म्हणाली. "मी मांगनी रिक्षामा उनू असती."

"मधली व्हती, माय."

तिसरीत दोघींना बसायला मिळालं, पण गाडी भरेपर्यंत हलेना. शेवटी एक माणूस आला, मनीषाशेजारी टेकला आणि घरच्या सोफ्यावर बसावं तसे गुडघे फाकवून बसला. मनीषा बाहेर बघत दुकानांच्या पाट्या वाचत राहिली. शोभाबाईचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. मूठ घट्ट आवळलेली होती आणि दोन बोटांमधून एक टोक बाहेर आलं होतं. उघडी पिन, लांब, सोनेरी.

पुढे बसमध्येही ती मूठ उघडली नाही. विद्यापीठाच्या फाटकाशी उतरल्यावर मनीषानं पिन मिटवली आणि ओढणीला लावली. गाडीतून उतरल्यावर आपण पदर नीट करतो, तितक्या सहज.

"कानबाईनी शे ना ती?" शोभाबाईनं विचारलं.

"हां. लांब शे, म्हनून." मनीषानं घड्याळ पाहिलं. "पहिला तास गया आजबी. तू बस, मी येस."

शोभाबाई झाडाखालच्या कट्ट्यावर बसून राहिली. तिला राग असा आला होता की काही विचारू नका, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. पिनांवरून सरलाबाईला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या तिनं तेवढ्या परत घेतल्या.

सभेला हॉल गच्च भरला होता. लोटूआबा पुढच्या खुर्चीवर पांढरी टोपी घालून बसले होते. टेबलामागच्या पालिकेच्या मॅडम म्हणाल्या, "बोलो बेन."

शोभाबाईनं सुरुवात हिंदीत केली, दोन वाक्यांत ती संपली, मग ती आपल्या बोलीवर आली. मॅडमना समजावं म्हणून मनीषा शेजारी उभी राहून गुजरातीत सांगू लागली.

"कानबाई वरीसमा एकदाव निंघस," शोभाबाई म्हणाली. "तिन्हा आंगेमांगे आखी गल्ली ऱ्हास. मन्ही पोर रोज निंघस. एकली."

मनीषानं पहिली दोन वाक्यं सांगितली, पुढची सांगितलीच नाहीत. मॅडमना ती सांगावी लागली नाहीत. एकली हा शब्द गुजरातीतही तोच आहे.

"आना गाडी, मॅडम. टायमावर सुटनारी," असं म्हणून शोभाबाई खाली बसली.

मॅडम तशा सरळ होत्या. ट्राम व्हायला सहा-सात वर्षं लागतील आणि मिरवणुकीच्या रस्त्याचा शब्द आज देता येणार नाही, हे त्यांनी स्पष्टच सांगून टाकलं.

आबा ताडकन उठले. "आयकं? तवलोंग तुन्ही पोर शिकीसन सासरले जाई! कानबाईबी गयी नि गाडीबी गयी!"

"जाऊ द्या, आबा," शोभाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "सरलानी पोर आत्ते आठवीमा शे."

आबा खाली बसले. त्या रात्री त्यांच्याकडून नेहमीसारखा तंबाखू मागायचा निरोप आला नाही, म्हणजे रुसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषा चपला घालत होती, तर शोभाबाईही पदर खोचून तयार. "ट्राम ई तवय ई," ती म्हणाली. "दरवाजालोंग मी येस."

बाहेर सरलाबाई पिशवी घेऊन उभी होती. "मलेबी बाजार जानं शे," ती म्हणाली. एवढ्या सकाळी उधना दरवाजाला कुठला बाजार उघडतो ते तिलाच ठाऊक.

तिघी मागच्या बाकावर बसल्या. रिक्षावाल्याच्या बाजूची जागा मोकळी होती. तो खाली उतरून "उधना दरवाजा, एक सवारी" ओरडू लागला. तोंडात दातवण धरून लोटूआबा कोपऱ्यावर उभे होते. ते चालत आले, कुणाकडे न बघता त्यांनी रिक्षाच्या टपावर थाप मारली.

"चाल, सोड गाडी."

"एक सवारी बाकी छे, काका."

"जाऊ दे," आबा म्हणाले. "रिकामी सुटू दे."