चाळिसावा दिवस सांगणारा

मी चाळिसावा बोलतोय. दचकू नका, भूत नव्हे, फंक्शन आहे. संगणकाला एखादं काम नेमून देणाऱ्या ओळींना फंक्शन म्हणतात. व्रात्सा गावातल्या एका छोट्या छापखान्याच्या संगणकात माझा मुक्काम असतो.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेलं शोकपत्रक घराच्या दारावर, बसथांब्यावर, झाडाच्या खोडावरसुद्धा लावतात. चाळिसाव्या दिवशी नवं लावतात, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने. आमच्या छापखान्याची चूल त्यावरच पेटते. मृत्यूची तारीख घ्यायची आणि चाळिसाव्याची परत द्यायची, एवढ्यासाठी रालित्साने मला लिहिलं. ती अगदी नवशिकी होती आणि मी तिचं पहिलंवहिलं लेकरू.

जन्मल्या जन्मल्या मी चुकलो. तिने तारखेत सरळ चाळीस मिळवले होते. शेजारी बसणारे, तिच्या आधीपासून कोड लिहिणारे म्हातारे स्तामेनकाका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अगं पोरी, माणूस गेला तो दिवस धरून मोजतात! तुझं ऐकून लोक चाळिसाव्याचे उकडलेले गहू घेऊन कबरीवर पोचतील, ते एक दिवस उशिरा."

"मग एकोणचाळीस मिळवू, काका?"

"मिळव. आणि एक लक्षात ठेव. एका फंक्शनला एकच काम द्यायचं. आत जे ठेवशील त्याला असं नाव दे, की वाचणाऱ्याला तुझ्याकडे विचारायला यावं लागू नये."

तिने ऐकलं. मी चार ओळींचा, सुटसुटीत झालो. दिलेल्या तारखेला तारीख परत करायचो आणि पुन्हा गप्प बसायचो. त्या दिवसांत मी सुखी होतो.

मग काका मुलीकडे वार्नाला राहायला गेले, आणि मालक ओग्न्यानच्या डोक्यात कल्पना येऊ लागल्या. चाळिसावा जवळ आला की घरच्यांना फोनवर निरोप जायला हवा. झालं, माझ्यातच एक 'नाव' आणि एक 'फोन' कोंबले. फोन घरच्यांचा आणि नाव गेलेल्याचं. पण तिने नुसतं 'नाव' लिहिलं. कोणाचं ते तिला पाठच होतं, मग लांबलचक कशाला लिहायचं?

शरद ऋतूत ओग्न्यान म्हणाला, "नंबर आहेतच आपल्याकडे. नामदिनाला शुभेच्छा पाठवू. गिऱ्हाईक धरून ठेवायला लागतं, बाई." आमच्याकडे माणसाला ज्या संताचं नाव असतं, त्या संताचा सण हा त्याचा नामदिन.

"त्याला वेगळं फंक्शन लागेल, साहेब. दोन दिवस द्या."

"दोन दिवस? संत दिमितरचा सण उद्यावर आलाय! त्या चाळिसाव्यातच टाक की कुठेतरी. कोण बघतंय आत?"

नोकरी नवी, नाही म्हणायची छाती नाही. घाईघाईत तिने टाकलं. माझी गत एक ना धड भाराभर चिंध्या अशी झाली.

सणाच्या सकाळी मी माझ्यातलं 'नाव' वाचलं आणि निरोप पाठवला: "प्रिय दिमितर, नामदिनाच्या शुभेच्छा! ठणठणीत राहा, शंभर वर्षं जगा!" तो गेला नेवेनाबाईंच्या फोनवर. त्यांच्या नवऱ्याचं शोकपत्रक आम्हीच गेल्या महिन्यात छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई काळा रुमाल बांधून दारात उभ्या राहिल्या. "मशीन बिघडलं म्हण," ओग्न्यान पुटपुटला.

रालित्सा उठली. "मशीन ठीक आहे, आजी. चूक माझी आहे."

नेवेनाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "दिमितर होता तेव्हा या दिवशी आमचा उंबरा झिजायचा. नामदिनाला बोलावणं कुठे लागतं? काल मी सवयीने पापुद्र्यांची बानित्सा भाजली, चीज घालून, त्याला आवडायची तशी. सुतकाचं घर, कोणी फिरकलं नाही. फोन वाजला तेव्हा वाटलं, कोणाला तरी आठवण झाली."

एवढं बोलून त्या निघून गेल्या.

ओग्न्यानने रालित्साला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. जाण्यापूर्वी ती दुपारभर माझ्याजवळ बसली. शुभेच्छा तिने मुळासकट उपटून टाकल्या, ओग्न्यानलाही त्या आता नको होत्या. निरोपाचं काम दुसऱ्या फंक्शनला दिलं आणि त्यात 'नाव' खोडून 'मृताचं नाव' लिहिलं. डोळे पुसत म्हणाली, "तुला आधीच असं ठेवायला हवं होतं रे." ती आता सोफियाला असते म्हणतात. तिथे कोड लिहिते की दुकानात भाजी तोलते, कुणास ठाऊक. तिची मला फार आठवण येते.

मी पुन्हा चार ओळींचा आहे. माझ्यात एकही चूक नाही, म्हणून मला कोणी उघडून बघत नाही. यंदा संत दिमितरच्या सणाला नेवेनाबाईंच्या फोनवर इथून काही गेलं नाही. तेच बरोबर आहे. पण त्या दिवशी त्यांचा फोन वाजला का, हे मला कळायला मार्ग नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

बाबांनो, चाळिसावा कधी ते मी बिनचूक सांगेन. त्या घरी जाऊन दार वाजवायचं काम मात्र तुमचं आहे. ते माझ्यात घालू नका.