अलीशिबेचे पाच महिने

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी ताईने मेणबत्ती लावली आणि शुभवर्तमान उघडून धाकटीच्या पुढ्यात ठेवलं. धाकटीचं बाळ मृत जन्मलं, तिचा नवरा जहाजावर नोकरीला, म्हणून ती ताईकडे राहायला आली होती. प्रार्थना तिने तेव्हापासूनच सोडली होती. ताईने विचार करून उतारा निवडला होता: म्हातारपणी दिवस गेलेल्या अलीशिबेचा.

धाकटीने चार ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं.

"तिचा योहान जिवंत जन्मला, ताई."

"अगं, मला एवढंच म्हणायचं होतं की देवाच्या घरी उशीर असतो, पण..."

"रोज माझं झाकण उघडून बघतेस. कोंब आला का, कोंब आला का! तुझ्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत करतेस असं?"

"तुझी ताई स्वर्गात गेली तरी आधी थर्मामीटर लावून बघेल," भावोजी म्हणाले. कोणीच हसलं नाही.

"शनिवारी मी हॉस्टेलवर राहायला जाते," एवढं बोलून धाकटी न जेवताच खोलीत गेली.

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणत ताई रात्रभर कूस बदलत राहिली. आई गेल्यापासून धाकटीला तिनेच वाढवलं होतं. ती आता अशी रागाने गेली, तर पुन्हा मोकळेपणाने येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने बियाण्याची उगवण तपासायला ठेवलेली ओल्या कागदाची गुंडाळी उलगडली. कोंब आलेलं बी बाजूला काढलं, उरलेलं चिमट्याने दाबून पाहिलं. मेलेलं बी पिचतं. काही मात्र जसं ठेवलं तसंच टणक होतं, पाण्याचा थेंबही न प्यायलेलं. त्याला मेलेलं म्हणायचं नसतं. त्याचा रकाना वेगळा. घरी आपण असा रकाना ठेवलाच नाही, असं तिच्या मनात आलं. पण उपमांवर तिचा फारसा भरवसा नव्हता. टणक बी कानशीने घासलं की पाणी पितं. धाकटी काही बी नव्हती, आणि घासून तर झालंच होतं.

मग जेवणाच्या सुट्टीत तिने तोच उतारा पुन्हा वाचला, एखादं निरीक्षण वाचावं तसा, आपल्या पदरचं काही न घालता. अलीशिबा पाच महिने एकांतात राहिली. का, ते नीटसं उलगडत नव्हतं. त्या काळात तिच्या नवऱ्याची, जखऱ्याची, वाचा गेलेली. म्हणजे त्या घरात तिला समजावून सांगणारं कोणीच नव्हतं. जखऱ्याचं मुकेपण ही देवदूतावर विश्वास न ठेवल्याची शिक्षा, असंच ताई आजवर धरून चालली होती. अलीशिबेला त्यातून केवढी उसंत मिळाली असेल, हे तिला आज पहिल्यांदा सुचलं.

घरी आली तेव्हा धाकटी बॅग भरत होती. ताई पलंगाच्या कडेला बसली. गप्प बसणं तिला जड जात होतं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाळाचं नाव काय ठरवलं होतंस?"

धाकटीचे हात थांबले.

"इतक्या दिवसांत कोणी विचारलं नाही गं." मग तिने नाव सांगितलं.

ताईने ते हळूच उच्चारलं. "असंच ना?"

"हो. शेवटी जरा लांबवायचं."

मग धाकटी बोलत राहिली. दाट जावळ, बापासारखं नाक, मिटलेली मूठ. ताईच्या जिभेवर दोन-तीन वचनं आली; ती तिने गिळली. डोळे मात्र तिला आवरता आले नाहीत.

"या जेवायला, नाहीतर मी एकटाच फडशा पाडतो," भावोजींनी बाहेरून हाळी दिली.

धाकटीने नाक पुसलं. "शनिवारचं शनिवारी बघू. मेणबत्तीपाशी बसेन. वाचणार नाही. आणि तू मला काहीही समजवायचं नाहीस. जमेल?"

"माहीत नाही," ताई खरं ते बोलली.

धाकटीला हसू आलं. तिने दोन कपडे बॅगेतून काढून खुंटीला अडकवले. बाकीचे तसेच राहू दिले.