तो वापस येतो

"…अन् मग दुसरं यान उतरते," वैजनाथराव सांगत होते. "निरंजनले उचलून घेते. तो घरी पोचते तेव्हा बायको दारातच उभी असते. हात कणकेनं भरलेले."

खोलीतल्या आठ-नऊ जणांपैकी दोघांनी टाळ्या वाजवल्या. सुशीलाबाईंनी वहीत 'कणीक' हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

वारज्यातल्या एका लहानशा वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी विज्ञानकथा वाचणारी माणसं जमत. प्रत्येकानं आपलं आवडतं पुस्तक आणायचं, दहा मिनिटं त्यावर बोलायचं, मग चहा. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या अभिनवनं हा कट्टा सुरू केला होता. सुशीलाबाई पहिल्या दिवसापासून येत. त्यांना विज्ञानकथा आवडत, कारण त्यातली चूक सिद्ध करता येते, असं त्या म्हणत.

चुका काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. परीक्षा मंडळाच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी गुणपत्रिका पडताळल्या. नोकरीसाठी, प्रवेशासाठी लोकांनी जोडलेल्या प्रती त्यांच्या टेबलावर यायच्या. शिक्क्यातला एखादा काना आखूड असला तरी त्यांना दिसायचा. त्यांनी पकडलेल्या बनावट गुणपत्रिकांचं एक कपाट भरलं होतं. कचेरीतले लोक डबा खाताना त्यांच्या शेजारी बसायचं टाळत, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना विशेष काही वाटत नसे. निवृत्तीनंतर त्या वारज्याला एकट्याच राहत.

वैजनाथराव तीन महिन्यांपासून येऊ लागले होते. सदुसष्ट-अडुसष्टचे असतील. मूळचे वाशीमकडचे, भोसरीच्या एका ओतकाम कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलायला मोकळे, पण पुस्तक कधीच आणत नसत. पहिल्यांदा म्हणाले, कुणाला तरी वाचायला दिलंय. दुसऱ्यांदा म्हणाले, घरी राहिलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. हजेरीच्या वहीत ते सही करायचे ती एकेक अक्षर थांबून. कट्ट्याच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं की त्यांचा फक्त अंगठा यायचा.

आणि ते सांगत तसं पुस्तकात नसे. पहिल्या महिन्यात त्यांनी मंगळावरच्या वस्तीची कादंबरी सांगितली होती. त्यातली माणसं तिथल्या लाल वाळूचा साचा करून लोखंड ओततात, हा भाग त्यांनी इतका रंगवला की अभिनवनं मोबाइलवर रेकॉर्ड केला. सुशीलाबाईंनी घरी जाऊन ती कादंबरी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात वाळूचा साचा कुठेच नव्हता. आता तर या माणसानं शेवटच बदलला होता. 'सातव्या चंद्रावरचा मुक्काम' हे पुस्तक सुशीलाबाईंनी दोनदा वाचलं होतं. बर्फाच्या चंद्रावर एकट्या राहिलेल्या निरंजनला न्यायला कुणीही येत नाही. तो तिथेच मरतो.

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, हे त्या कचेरीत शिकल्या होत्या. या माणसाला काय हवं असेल ते मात्र त्यांना कळेना. चहाबिस्किटांसाठी कुणी इतकं करणार नाही. सगळ्यांची नावं, पत्ते, कोण एकटं राहतं, याचा अंदाज घेत असेल का? त्या रविवारी निघताना त्यांनी वैजनाथरावांच्या पिशवीकडे नीट पाहिलं. पिशवी रिकामीच होती.

सोमवारी त्या खाली वाचनालयात गेल्या. तिथे बसणाऱ्या रुपालीला त्यांनी वैजनाथरावांचं कार्ड दाखवायला सांगितलं.

"काकू, तुम्ही रिटायर झालात ना?" रुपाली म्हणाली, पण तिनं रजिस्टर काढलं. कार्ड यमुनाबाई या नावाचं होतं, चौदा वर्षांपूर्वीचं. पुस्तक बदलायला मात्र वैजनाथरावच यायचे. ग्रहाबिहाचं काही द्या, एवढंच सांगायचे. गेल्या दीड वर्षात त्या कार्डावर एकही पुस्तक गेलेलं नव्हतं.

म्हणजे दुसऱ्याच्या कार्डावर पुस्तकं न्यायचा, असं सुशीलाबाई म्हणाल्या.

"बायकोच्या," रुपालीनं रजिस्टर मिटलं. "त्याला दुसऱ्याच्या म्हणत नाहीत."

पुढच्या महिन्याच्या रविवारी सुशीलाबाई त्या पुस्तकाची वाचनालयातली प्रत घेऊन लवकर येऊन बसल्या. वैजनाथराव आले, सगळ्यांना नमस्कार करून नेहमीसारखे भिंतीकडच्या खुर्चीत टेकले. दोघांचं बोलून झाल्यावर सुशीलाबाई म्हणाल्या की मागच्या वेळचं थोडं राहिलंय. त्या उठल्या आणि शेवटचं पान उघडून त्यांनी पुस्तक वैजनाथरावांच्या हातात दिलं.

"एवढंच पान वाचून दाखवा. निरंजनला न्यायला यान येतं ते."

वैजनाथरावांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला. बराच वेळ ते पानाकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं-पीं तेवढं ऐकू येत होतं.

"काकू, जाऊ दे ना, इट्स ओके," अभिनव म्हणाला.

"थांब जरा," सुशीलाबाई म्हणाल्या.

वैजनाथरावांनी चष्मा काढला. "मले वाचता येत नाई," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. मग त्यांनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. "तो येत नाई काय वापस?"

"नाही. यान येतच नाही. तो बर्फातच मरतो."

"नक्की?"

"एकशे चौऱ्याऐंशीवं पान," सुशीलाबाई म्हणाल्या.

वैजनाथरावांनी मान हलवली. पुस्तक मिटून टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवलं, सगळ्यांना पुन्हा नमस्कार केला आणि चपला घालून ते जिना उतरले. चहा तेवढ्यात वर येत होता. चहावाल्याला वाट द्यायला ते जिन्यात एका बाजूला उभे राहिलेले सुशीलाबाईंना दिसले.

"बरोबर होतात तुम्ही," अभिनव म्हणाला आणि दुसरीकडे जाऊन बसला. त्या दिवशी, कचेरीत डबा खायच्या वेळी व्हायचं तसंच झालं. सुशीलाबाईंच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

पुढच्या महिन्यात वैजनाथराव आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. सुशीलाबाईंना वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही, निदान तेव्हा तरी. पण एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. वाचता न येणारा माणूस वाचकांच्या कट्ट्यावर येतो कशाला? प्रकरण पकडलं गेलं होतं, पण कारण सापडलं नव्हतं. कचेरीत असं कधी झालं नव्हतं. त्या पुन्हा रुपालीकडे गेल्या आणि पत्ता मागितला. रुपालीनं आधी नाही म्हटलं, मग कागदाच्या कपट्यावर लिहून दिला.

"पान वाचून घ्यायला जाऊ नका म्हणजे झालं," ती म्हणाली.

घर वारजे गावठाणात होतं, एका बोळाच्या टोकाला. पुढे पत्र्याची पडवी, आत एकच खोली. वैजनाथरावांनी दार उघडलं. त्यांना पाहून ते क्षणभर थांबले, मग या बाई म्हणून बाजूला झाले. खिडकीखालच्या पलंगावर एक बाई आडवी होती. केस तेल लावून नीट विंचरलेले, उजवा हात उशीवर ठेवलेला, ठेवला तसाच पडलेला.

"ही यमुना," ते म्हणाले. "तिले समजते सगळं. बोलता येत नाई."

चहा करता करता त्यांनीच सांगितलं. यमुनाबाई एका शाळेत सेविका होत्या, दहावी झालेल्या. रविवारी दुपारी ते पाय पसरून बसायचे आणि त्या वाचून दाखवायच्या. घरगुती गोष्टी असल्या की त्यांना झोप लागायची. पण चांदण्या, यानं, परक्या ग्रहांवरचं लोखंड असलं की ते जागे राहायचे. मध्येच थांबवून लोखंड असं ओतत नाहीत हे ते सांगायचे, मग यमुनाबाई तेवढं सुधारून पुढे वाचायच्या. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला. वाचा गेली आणि त्याबरोबर अक्षरंही गेली. पुस्तक समोर धरलं की त्या रडायच्या, म्हणून वैजनाथरावांनी पुस्तकं आणणं बंद केलं. मग त्यांना कट्ट्याचं कळलं. तिथे लोक गोष्टी सांगतात, त्या ऐकून यायच्या आणि हिला सांगायच्या, एवढाच त्यांचा विचार होता. पण तिथे बसायचं तर आपणही एक सांगावी लागते. म्हणून ते तिनं वाचून दाखवलेल्या सांगायचे.

"मला त्या दिवशी हे सांगायचं होतंत," सुशीलाबाई म्हणाल्या.

"तुमी वाचा म्हणाल्या. विचारलं नाई."

सुशीलाबाईंनी कप खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या की कट्ट्यावर पुन्हा या, सगळे आठवण काढतात. त्यांनी नाही म्हटलं. रागानं म्हटलं नव्हतं. तिथे आता प्रत्येक जण आपल्याला सांगताना जपून सांगेल, त्यात मजा नाही, असं ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी यमुनाबाईंनी वाचून दाखवलेली एकेक गोष्ट मोजायला सुरुवात केली. मंगळावर हरवलेली पोरगी. समुद्राखालच्या घरातले दोघं भाऊ. तो म्हातारा यंत्रमानव, ज्याला भंगारात काढतात.

"यातले किती आले वापस?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा."

तिन्ही पुस्तकं सुशीलाबाईंनी वाचली होती. पोरगी सापडत नाही. भावांपैकी एकच वर येतो. यंत्रमानवाच्या शेवटाबद्दल तर काही शंकाच नव्हती. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. यमुनाबाईंचा डावा हात पांघरुणातून वर आला होता आणि नाही नाही म्हणत हलत होता.

"सगळे आले," सुशीलाबाई म्हणाल्या. "तो निरंजन तेवढा नाही आला."

"तुमाले हे जमत नाई, बाई," वैजनाथराव म्हणाले. मग सुशीलाबाईंच्या पिशवीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ते पुस्तक हाय काय त्यात?"

होतं. ते पान वाचा, असं ते म्हणाले. यमुनाबाईंच्या घशातून आवाज आला, हात पुन्हा हलू लागला. वैजनाथरावांनी जाऊन तो हात आपल्या हातात घेतला.

"ऐकू दे व," ते म्हणाले. "तुहं ऐकलं ना इतकी वर्षं."

सुशीलाबाईंनी वाचलं. निरंजन रोजच्यासारखा दिवा लावतो. नोंदवहीत तारीख घालतो, पुढे काही लिहीत नाही. बाहेर जिथवर दिसतं तिथवर बर्फ आहे आणि त्यावर फक्त त्याच्या एकट्याच्या पावलांचे ठसे आहेत. मग दिवा विझतो. पान जेमतेम अर्धं होतं. वाचायला वेळ लागला नाही.

यमुनाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"इतक्या दूर धाडलं अन् आणाले कोनी गेलं नाई," वैजनाथराव म्हणाले. मग म्हणाले, "हिनं त्याले घरी आणलं ते बरोबर केलं मग."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उठले. दर दोन तासांनी हिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं नर्सनं सांगितलंय, ते म्हणाले. एरवी शेजारची सून येते, आज ती मंडईला गेलीय.

"जरा चादर धरता?"

सुशीलाबाईंनी पुस्तक खाली ठेवलं आणि पलंगाच्या पलीकडे जाऊन चादरीची दोन टोकं मुठीत घेतली. वैजनाथरावांनी तीन म्हटल्यावर दोघांनी मिळून उचललं. दिसत होत्या त्यापेक्षा यमुनाबाई पुष्कळ जड होत्या. त्यांचं तोंड खिडकीकडे झालं. वैजनाथरावांनी पाठीमागे उशी सरकवली, टाचा तपासल्या, उजवा हात उचलून नीट ठेवला.

"तिकून आणखी थोडी ओढा," ते म्हणाले. "सुरकुती राहिली."

सुशीलाबाईंनी चादर ओढली.